हुरूप कुठे गळतो

२००१ सालचा पावसाळा. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांना भर पावसात झोपडपट्टीतली काही पोरं खेळताना दिसली. चेंडू नव्हता. एका फुटक्या बादलीला लाथा मारत त्यांचा सामना रंगला होता. बारसे सरांनी पुढे त्यांच्या हाती फुटबॉल दिला, मग वस्त्यावस्त्यांतल्या मुलांसाठी स्पर्धा भरवली, ‘झोपडपट्टी फुटबॉल’ हे नाव रुळलं आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. याच धडपडीतून २००७ मध्ये कोपनहेगनच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा संघ उतरला, २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार नागपूरला आला आणि २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ चित्रपटामुळे ही गोष्ट घरोघरी पोचली.

नागपूरकरांना ती आता पाठ आहे. तरी तिच्यातली एक बाब सहसा नजरेतून सुटते. बादलीला लाथा मारणाऱ्या त्या पोरांना कुणीही हुरूप दिलेला नव्हता. भाषण नाही, बक्षीस नाही, ‘नो पेन नो गेन’ लिहिलेला टी-शर्ट तर नाहीच. बारसे सरांनी जे आधीपासून चालू होतं ते थांबवलं नाही आणि त्याला एक चेंडू पुरवला.

उन्हाळी शिबिरांच्या दिवसांत शहरातल्या कुठल्याही मैदानावर, मग ते रेशीमबाग असो, रविनगर असो की मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल, सकाळी सहाच्या सुमारास एक वाक्य हमखास कानावर पडतं: “सर, याला जरा मोटिव्हेट करा ना. घरी मोबाइल सोडत नाही.” बोलणारी आई किंवा बाबा गाडीवरून उतरलेलेही नसतात. मुलगा मागच्या सीटवर पेंगत असतो. पारा पंचेचाळिशीकडे सरकणाऱ्या शहरात साडेपाचला उठवून आणलेल्या मुलाचा चेहरा आणखी कसा असणार? सरही मान डोलावतात. हुरूप ही बाहेरून भरायची वस्तू आहे, पेट्रोलसारखी, आणि मैदान हा तिचा पंप, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेलं असतं.

उन्हाळ्यातल्या माठाचं उदाहरण त्यापेक्षा बरं. मूल मैदानावर येतं तेव्हा माठ बहुतेक वेळा भरलेलाच असतो. चीर कुठे गेली आहे, तेवढं पाहायचं. मोठ्यांची पंचाईत अशी की ही चीर वयानुसार जागा बदलते. सातव्या वर्षी ज्यानं मूल कंटाळतं, त्याचा चौदाव्या वर्षी प्रश्नच नसतो, आणि चौदाव्या वर्षी जे जिव्हारी लागतं, ते सात वर्षांच्या पोराला कळतही नाही. तरीही बहुतेक मैदानांवर सर्वांना एकच शिट्टी, एकच रांग आणि एकच दटावणी असते.

सहा ते नऊ वर्षांच्या वयात सगळ्यात मोठी चीर म्हणजे रांग. हिशेब साधा आहे. बावीस मुलं, एक चेंडू आणि वीस मिनिटांचा खेळ असेल, तर अगदी समान वाटणी झाली तरी एकेकाच्या वाट्याला चेंडू मिनिटभरही येत नाही. प्रत्यक्षात तो तीन-चार दांडग्या पोरांकडेच फिरतो आणि उरलेले मागे उभे राहून गवत उपटतात. क्रिकेटमध्ये तर एकाची बॅटिंग आणि अठरा जणांचं ‘फिल्डिंग’ नावाचं उन्हात उभं राहणं. मग सर म्हणतात, मुलांना गोडी नाही. गोडी असायला चेंडू तरी पायाला लागला पाहिजे.

म्हणून या वयात मैदानाचे तुकडे करावेत. चार विरुद्ध चार, छोटा चौक, दोन दगड किंवा दोन चपला ठेवून केलेला गोल. असे तीन-चार सामने एकाच वेळी चालले की बसून राहणारं कुणी उरत नाही. चेंडूही वयाचा हवा: फुटबॉलमध्ये आठ-नऊ वर्षांपर्यंत तीन नंबरचा, त्यानंतर बारा-तेरापर्यंत चार नंबरचा, आणि मग पाच नंबरचा. मोठ्यांचा चेंडू लहानग्याच्या पायाला लागतो तो दुखण्यासाठीच. वॉर्मअपसाठी मैदानाला चकरा मारायला लावण्याऐवजी विष-अमृत, साखळी किंवा लंगडी घ्यावी. धावणं तेवढंच होतं, शिवाय हसणंही होतं. सूचना एका वेळी एकच, तीही पंधरा-वीस सेकंदांत. त्यापुढचं सगळं वाऱ्यावर जातं.

आणि बक्षिसं? इथे १९७३ चा एक जुना प्रयोग आठवण्यासारखा आहे. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत आवडीनं चित्रं काढणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच सांगितलं नाही. दोन-एक आठवड्यांनी पाहिलं तर आमिष दाखवलेली मुलं मोकळ्या वेळात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र मिळालं, त्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. खेळाचं काम झालं की असं होतं.

नागपुरी घरात या प्रयोगाचा देशी अवतार म्हणजे “गोल केला तर शंभर रुपये देतो” म्हणणारे काका. काकांचा हेतू चांगला असतो, पण शनिवारच्या सामन्यात पोरगं चेंडू सोडतच नाही. डावीकडे सवंगडी मोकळा उभा राहून “अबे पास दे ना बे!” म्हणून ओरडत असतो आणि याच्या डोळ्यांसमोर शंभराची नोट. सांघिक खेळात व्यक्तीच्या गोलाला भाव लावला की संघ फुटायला वेळ लागत नाही. काकांना द्यायचंच असेल तर सामना संपल्यावर सगळ्या संघाला उसाचा रस पाजावा, तोही हरल्यावर.

गुणतालिका, ‘बेस्ट प्लेयर’, ‘मॅन ऑफ द सिरीज’ या भानगडी या वयात नकोतच. नॉर्वेत बालक्रीडेविषयीची नियमावली १९८७ पासून आहे. त्यानुसार मूल अकरा वर्षांचं होईपर्यंत निकालांची क्रमवारी लावली जात नाही आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा तेराव्या वर्षाआधी नाही. असं केल्यानं पोरं मवाळ होतात असं म्हणणाऱ्यांनी त्याच देशानं २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोळा सुवर्णपदकं मिळवली होती, हेही लक्षात घ्यावं. लोकसंख्या जेमतेम पंचावन्न लाख.

दहा ते बारा हा प्रशिक्षकाच्या दृष्टीनं सोन्याचा काळ. हातपाय ऐकतात, नियम समजतात, शिकायची भूक असते आणि सर म्हणजे देव असतो. नेमकी इथेच देवाची जबाबदारी वाढते.

वॉशिंग्टन विद्यापीठातले रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात लहान मुलांच्या बेसबॉल संघांचे प्रशिक्षक सामन्यांत नेमकं काय करतात, याची बारकाईनं नोंद केली. त्यावरून त्यांनी प्रशिक्षकांसाठी काही तासांचा छोटा वर्ग तयार केला. त्यात डावपेच नव्हते. चांगल्या प्रयत्नाची दखल घ्या, चूक झाली की आधी धीर द्या, मग काय बदलायचं ते सांगा, आणि शिक्षा म्हणून हिणवू नका, एवढंच. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत, या वर्गाला न गेलेल्या प्रशिक्षकांच्या संघांतली २६ टक्के मुलं पुढच्या वर्षी परतली नाहीत. वर्ग केलेल्यांच्या संघांत हे प्रमाण ५ टक्के होतं. आणि दोन्ही गटांच्या हार-जितीत फरक नव्हता. म्हणजे मुलं हरल्यामुळे गेली नव्हती.

हे मैदानावर कसं दिसतं? समजा लाँग ऑनला उभ्या अकरा वर्षांच्या पोराच्या हातून झेल सुटला. चेंडू उचलून फेकायच्या आधी तो एक गोष्ट करतो: सरांकडे पाहतो. ते दोन सेकंद फार महागाचे असतात. सरांनी डोक्याला हात लावला, पाठ फिरवली किंवा बाजूच्या माणसाकडे पाहून हसले, तरी निकाल लागला. पुढचा झेल आपल्याकडे येऊच नये अशी प्रार्थना करत तो पोरगा उरलेली षटकं काढतो. त्याऐवजी “चालतंय, फेक लवकर!” एवढे तीन शब्द आणि षटक संपल्यावर जवळ बोलावून “चेंडूच्या खाली आधी पोच, हात नंतर” ही एक सूचना. दुरुस्ती सांगायलाच हवी. नुसतं ‘व्हेरी गुड, व्हेरी गुड’ म्हणत राहणारे सरही या वयाच्या मुलांना लवकर ओळखू येतात, कारण चुकलं आहे हे त्यांनाही कळत असतं.

या वर्षांत मुलाला एकाच खेळाला जुंपायची घाई अनेक घरांत होते. सकाळी अकादमी, संध्याकाळी अकादमी, रविवारी ‘पर्सनल कोचिंग’. कॅनडातले संशोधक जाँ कोते यांची मांडणी याच्या उलट जाते: साधारण बारापर्यंत अनेक खेळ चाखावेत, तेरा ते पंधरा एक-दोन खेळांकडे वळावं आणि झोकून देणं सोळानंतर. कबड्डीत पायांची चपळाई येते, खो-खोत दिशा बदलण्याची, आणि दोन्हींना मातीशिवाय काही लागत नाही. संघातही तेच. गोलकीपर वर्षभर गोलकीपरच, हे बाराव्या वर्षी कशाला? जागा फिरवाव्यात, कप्तानपदही महिन्या-महिन्यानं फिरवावं. बुजऱ्या मुलाला टॉसला पाठवलं की तो दोन दिवस घरी तेच सांगतो.

निवडीचा सापळाही याच वयात लागतो. शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालील गटाची वयमर्यादा वर्षअखेरीला धरून मोजली जाते. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला असे दोघं एकाच गटात येतात. अकरा महिन्यांचं अंतर तिशीत काहीच नसतं, पण अकराव्या-बाराव्या वर्षी ते मुठीएवढ्या उंचीचं आणि बरंच वजनाचं असतं. कॅनडात आइस हॉकीच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचीच गर्दी असते, हे रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्येच दाखवून दिलं. तेव्हा निवडीच्या दिवशी यादीत नावापुढे जन्ममहिना लिहून ठेवावा. एका कागदाचं काम आहे. पण ‘दम नाही’ असा शिक्का बसलेली निम्मी पोरं नुसती नोव्हेंबर-डिसेंबरची निघतात की काय, हे सरांना स्वतःच तपासता येतं. (यावर काही पालकांनी शोधलेला उपाय म्हणजे जन्मदाखला धाकटा करून आणणं. म्हणूनच सोळा वर्षांखालच्या क्रिकेटमध्ये बीसीसीआय डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतं. पोराला पहिला धडा खोटेपणाचा देऊन त्याच्याकडून खिलाडूवृत्तीची अपेक्षा करणं हा अजब प्रकार आहे.)

मग येतं तेरावं. खरी गळती इथली.

आदल्या वर्षीपर्यंत हरणासारखा धावणारा मुलगा अचानक अडखळायला लागतो. पास चुकतो, पाय पायात अडकतात, गुडघ्याखाली दुखतं म्हणतो. “आळशी झाला आहे,” असा निष्कर्ष घरी आणि मैदानावर एकाच आठवड्यात निघतो. खरं कारण बहुधा भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणेत असतं. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगानं वाढते, एका वर्षात आठ-दहा सेंटिमीटर वाढणारी मुलंही असतात. हाडं आधी लांबतात, स्नायू आणि त्यांच्यावरचा ताबा मागून येतो. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखणं हा याच काळातला नेहमीचा त्रास आहे आणि तो ‘सहन कर’ म्हणून जात नाही. धावणं-उड्या कमी कराव्या लागतात, डॉक्टरांना दाखवावं लागतं. दर तीन महिन्यांनी सगळ्यांची उंची मोजून वहीत लिहिली, तर कोण वाढीच्या झपाट्यात आहे ते कळतं. त्या मुलाला एवढंच सांगावं: तू बिघडलेला नाहीस, तुझे पाय लांब झालेत, सहा-आठ महिन्यांत जमेल. हे वाक्य वेळेवर ऐकलेली मुलं टिकतात.

डोक्यातही एक बदल होतो, आणि तो फारच कमी प्रशिक्षकांना ठाऊक असतो. जॉन निकल्स या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं की लहान मुलांना मेहनत आणि कुवत या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नाहीत. जो जास्त जोर लावतो तो जास्त भारी, असा त्यांचा साधा हिशेब. अकरा-बाराच्या सुमारास हा हिशेब उलटतो. तेव्हा मुलाला कळतं की एकाच निकालासाठी ज्याला जास्त मेहनत लागते, त्याची कुवत कमी असू शकते. म्हणून “जोर लाव, अजून जोर लाव” ही आरोळी आठ वर्षांच्या पोराला चेव आणते आणि चौदा वर्षांच्या पोराला चारचौघांत उघडं पाडते. तो मग एक हुशार पळवाट काढतो. सरावात टिवल्याबावल्या, सामन्याआधी पाय दुखणं, हरल्यावर “मी तर सिरियसली खेळतच नव्हतो.” जोर लावलाच नाही, तर कुवत कमी आहे हे सिद्ध कसं होणार? टिंगलखोर वाटणारा हा मुलगा बहुतेक वेळा घाबरलेला असतो.

त्याच्यावर उपाय म्हणजे मोजपट्टी बदलणं. दुसऱ्याशी तुलना करण्याऐवजी त्याच्याच मागच्या महिन्याशी. डाव्या पायानं दहापैकी किती पास नीट गेले, चढाईत दम न तुटता किती सेकंद काढले, थेट फेकीत किती स्टम्प उडाले. आकडा त्यानंच त्याच्या वहीत लिहायचा. ओरडायचं असेल तर सगळ्यांसमोर कामाबद्दल ओरडावं, माणसाबद्दल बोलायचं असेल तर बाजूला घेऊन बोलावं. आणि या वयाला मत असतं, ते विचारावं. आठवड्यातल्या एका सरावाची आखणी मुलांवर सोपवली तर पहिल्या दिवशी गोंधळ होईल, तिसऱ्या वेळी ते सरांपेक्षा कडक सराव लावतात.

राखीव बाकावरचा मुलगा हा या वयातला सगळ्यात एकटा प्राणी. आई डब्यात पोळी-भाजी देते, बाबा सुट्टी काढून येतात आणि हा अडीच तास पाण्याच्या बाटल्या वाहतो. घरी जाताना बाबा विचारतात, “तुला घेतलं काहून नाही?” त्याच्याकडे उत्तर नसतं, कारण सरांनी ते दिलेलंच नसतं. सामन्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक राखीव खेळाडूला दोन वाक्यं सांगण्याची सवय प्रशिक्षकानं लावून घ्यावी: तू का बाहेर आहेस आणि आत यायला नेमकं काय लागेल. गटफेरीच्या सामन्यांत प्रत्येकाला काही वेळ उतरवायचंच, हा नियम हंगामाच्या सुरुवातीला पालकांसमोर जाहीर केला की नंतरची अर्धी भांडणं मिटतात.

मुलींची गळती याच वयात होते, पण तिची कारणं मानसशास्त्रात कमी आणि मैदानाच्या कोपऱ्यात जास्त सापडतात. स्वच्छतागृह नाही, असलं तर त्याला कडी नाही. कपडे बदलायला जागा नाही. पांढऱ्या रंगाची पँट. पाळीच्या दिवसांत काय करायचं हे विचारायला एकही बाई नाही. सराव सुटतो तेव्हा अंधार पडलेला, आणि नाक्यावर उभी पोरं. अशा वेळी ‘मुलींना आवड टिकवता येत नाही’ हे म्हणणं सोयीचं असतं, एवढंच. गडद रंगाचा गणवेश, किटबॅगेत पॅडचं पाकीट, सरावाला हजर असणारी एक मोठी बाई, दिवस मावळायच्या आत सुट्टी आणि एकाच भागातल्या मुलींनी जोडीनं घरी जायची सोय, या गोष्टी जमवल्या की आवड आपोआप टिकते. स्लम सॉकरनं मुलींसाठी ‘शक्ती’ नावाचा वेगळा उपक्रमच चालवला. नागपूरच्या मोना मेश्रामचं नाव २०१७ च्या महिला क्रिकेट विश्वचषकाच्या भारतीय संघात होतं, तोच संघ जो लॉर्ड्सवर अंतिम सामना नऊ धावांनी हरला. तिच्यासारख्या आपल्या गावच्या खेळाडूचं नाव मुलींच्या गटात मुद्दाम घ्यावं. दूरच्या ताऱ्यांपेक्षा ते जवळचं वाटतं.

आणि दहावी. नववीचा निकाल लागला की बुटांची जोडी माळ्यावर जाते, हा नागपुरातलाच नव्हे तर साऱ्या महाराष्ट्रातला शिरस्ता. “एकच वर्षाचा प्रश्न आहे,” असं म्हणतात. मग अकरावी-बारावी, मग नीट किंवा जेईई, आणि बूट लहान होऊन जातात. पालकांची काळजी खोटी नाही. पण ‘सगळं’ आणि ‘काहीच नाही’ यांच्यामध्येही एक जागा आहे. आठवड्यातून तीन दिवस, पन्नास मिनिटं, सामने फक्त सुट्टीत, असा करार जूनमध्येच पालक, मुलगा आणि सर या तिघांनी बसून करावा. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर अंगमेहनत सांगते, दहावीच्या मुलांना त्यात सूट दिलेली नाही. राज्य मंडळाच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, हे पालकांना जरूर सांगावं. मात्र त्याच आशेवर मुलाला मैदानावर ठेवलं तर प्रमाणपत्र हाती पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तो यायचा बंद होतो. काकांचे शंभर रुपये आणि मंडळाचे गुण यांत तत्त्वतः फार फरक नाही.

अभ्यास आणि खेळ यांचं वैर आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी रजनीश गुरबानीचं उदाहरण. विदर्भानं १९५७-५८ पासून रणजी खेळायला सुरुवात केली आणि पहिलं विजेतेपद मिळवलं ते २०१८ च्या पहिल्या दिवशी, इंदूरला, दिल्लीला हरवून. त्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा गुरबानी स्थापत्य अभियंता आहे.

त्याच विजयानं एक गैरसमजही पसरवला. संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित कडक शिस्तीसाठी ओळखले जातात. त्यांच्या हाताखाली विदर्भानं लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला आणि कडकपणा हेच यशाचं गमक, असं मैदानामैदानांवर बोललं जाऊ लागलं. पंडितांसमोर फैज फजल, वसीम जाफर होते. खेळ हाच ज्यांचा व्यवसाय अशी घडलेली माणसं. तोच सूर चौथीतल्या मुलांसमोर लावला तर हाती काय लागणार?

सोळा ते अठराच्या गटाबद्दल फार सांगायची गरज नाही, कारण या वयापर्यंत टिकलेला मुलगा स्वतःहून टिकलेला असतो. त्याला खरं बोललेलं हवं असतं. तू कुठे आहेस, वरच्या पायरीसाठी काय कमी आहे, मला त्यात किती मदत करता येईल. गोल गोल बोलणाऱ्या सरांवरचा त्याचा विश्वास लगेच उडतो. ज्याची निवड होणार नाही त्यालाही ते वेळेत सांगावं आणि दुसरं दार दाखवावं: पंच, स्कोअरर, लहान गटाचा सहायक. स्लम सॉकरमध्ये खेळून मोठी झालेली मुलं पुढे तिथेच लहानांना शिकवू लागली. २०१० मध्ये रिओच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचं नेतृत्व करणारा अखिलेश पॉल वस्तीतल्या मुलांसाठी काम करू लागला. व्यसनाच्या आणि गुन्हेगारीच्या वाटेवरून आपण कसे परतलो, हे त्यानं जाहीरपणे सांगितलं आहे.

आणि दार बंद झालं असं ठामपणे सांगण्याआधी खापरखेड्याजवळच्या वलनीची आठवण ठेवावी. कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस बॉलनंच खेळत होता. पोलीस भरतीत तो निवडला गेला नाही. २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला क्रिकेटपटू ठरला. असा उमेश दरवर्षी निघत नाही, हेही खरं. पण तेराव्या वर्षी कुणाच्या निवड चाचणीत नापास होऊन तो घरी बसला असता, तर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

पालकांसाठी एकच जागा सांगायची तर ती गाडीची मागची सीट. सामना संपून घरी पोचेपर्यंतची ती पंधरा-वीस मिनिटं. हेल्मेटमधून मागे वळून दिलेलं क्रिकेटचं ज्ञान मुलाला वाऱ्यामुळे अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं नको असतं. “तो शॉट काय गरज होती?” हा प्रश्न त्यानं स्वतःला आधीच विचारलेला असतो. सांबारवडी खायची का, हा त्याहून चांगला प्रश्न. सामन्याबद्दल बोलायचंच असेल तर ते मुलानं काढावं, आणि बहुतेक वेळा रात्री जेवताना तो ते काढतोच. सीमारेषेवरून ओरडण्याचंही तसंच. “पास दे” असं बाबा, “मार” असं सर आणि “सांभाळून” असं आई, तिघंही एकदम म्हणाले तर पोरानं ऐकायचं कुणाचं?

प्रशिक्षकाकडे हजेरीपट असतोच. त्याचा उपयोग फी वसुलीपलीकडेही आहे. सलग तीन गैरहजेऱ्या दिसल्या की चौथ्या दिवशी फोन करावा, तोही वडिलांना रागावायला नव्हे, मुलाशी बोलायला. काय झालं, गुडघा का, ट्यूशनची वेळ बदलली का, कुणी चिडवलं का. महिन्याभरानं केलेल्या फोनला “आता त्यानं सोडलं” एवढंच उत्तर मिळतं.

जूनच्या मध्याला पहिला मोठा पाऊस येतो. शिबिरं संपलेली असतात, शाळा सुरू व्हायच्या बेतात, मैदानाचा चिखल झालेला. ‘आज प्रॅक्टिस कॅन्सल’ हा निरोप ग्रुपवर टाकण्याआधी सरांनी एकदा तिकडे चक्कर मारावी. विजा चमकत असतील तर अर्थातच सुट्टी. पण नुसती रिमझिम असेल, तर सात-आठ पोरं अनवाणी चिखलात उतरलेली दिसतात. कुणीतरी पाण्याची रिकामी बाटली मध्ये टाकलेली असते, दोन बाजूंना चपलांचे गोल मांडून झालेले असतात. चेंडूंची पेटी शेडमध्ये कुलपात असते आणि किल्ली सरांच्या खिशात.